हवेचा रिपोर्ट चांगला, तरी रक्तात शिसं कुठून? कारखान्यातल्या जड धातूंचा धोका कसा मोजायचा

बॅटरीच्या प्लेटा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला बोलावलं होतं. मालकांनी समोर दोन फायली ठेवल्या. पहिलीत हवेच्या तपासणीचा रिपोर्ट होता: शिसं ०.१२ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतली मर्यादा ०.१५, म्हणजे कायद्याच्या आत. दुसरीत कामगारांच्या रक्ततपासण्या होत्या. प्लेट कटिंगवरच्या बहुतेकांच्या रक्तात शिसं ४० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास. "हवा ठीक आहे, मास्क देतो, मग हे येतं कुठून?" त्यांनी अगदी कळवळून विचारलं.

साडेदहाला चहा आला. काचेचे ग्लास. सगळ्यांचा पिऊन झाला आणि पोरगा ट्रे घेऊन निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. प्रत्येक ग्लासावर बोटांचे करडे ठसे होते. काही ग्लासांवर ते अगदी कडेपर्यंत, ओठ टेकतात तिथपर्यंत गेले होते.

धोक्याचं मूल्यमापन म्हणजे हवेचा पंप लावून रिपोर्ट फाइल करणं, असा समज फार पक्का बसला आहे. माझं म्हणणं असं, की धातूचा माग काढायचा तो मशीनपासून हातापर्यंत, हातापासून तोंडापर्यंत आणि तिथून कामगाराच्या घरापर्यंत. हवा हा त्यातला एक टप्पा. खाली पद्धत दिली आहे ती मुख्यतः शिशाची, कारण बॅटरी, भंगाराच्या भट्ट्या, सोल्डरिंग, रंग अशा कितीतरी ठिकाणी ते आहे आणि त्याची मोजमापं सगळ्यांत चांगली ठरलेली आहेत. क्रोम, कॅडमियम, पारा, मँगनीज यांचं वेगळेपण शेवटाकडे सांगितलं आहे.

पहिला टप्पा: आधी चाला, मग मोजा

पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र नेऊ नका. वही, टॉर्च आणि खरेदीचं रजिस्टर पुरे. स्टोअरमध्ये काय काय येतं ते बघा आणि प्रत्येक मालाचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. मग कच्चा माल आत येतो तिथून तयार माल बाहेर पडतो तिथपर्यंत त्याच क्रमानं चालत जा. बॅटरीच्या कारखान्यात हा क्रम साधारण असा असतो: ऑक्साइड मिल, पेस्ट मिक्सिंग, ग्रिड कास्टिंग, पेस्टिंग, क्युरिंग, प्लेट कटिंग आणि ब्रशिंग, स्टॅकिंग, असेंब्ली, फॉर्मेशन. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथे शिसं ओलं आहे, वितळलेलं आहे, की कोरडी भुकटी आहे?

कोरडी भुकटी सगळ्यांत वाईट. त्यामुळे ऑक्साइड, कटिंग, ब्रशिंग आणि स्टॅकिंगवर जास्त वेळ थांबा. वितळलेल्या शिशाची लोकांना भीती वाटते, पण तिथे तापमान बघावं लागतं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि साधारण ५०० अंशांच्या पुढे त्याचा धूर लक्षणीय वाढतो. कास्टिंगच्या भट्टीचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बंद असेल आणि कामगार 'अंदाजानं' आच वाढवत असेल, तर तिथला धोका रोज बदलतो. वरची मळी, म्हणजे ड्रॉस, काढून उघड्या डब्यात टाकतात. तीही सुकली की भुकटीच.

टॉर्च कशासाठी? घरात कवडशात धूळ दिसते, तशीच इथे दिसते. शेडमधले दिवे थोडे कमी करून टॉर्चचा झोत कामगाराच्या तोंडासमोरून आडवा सोडा आणि झोताच्या समोरच्या बाजूनं, पण थोडं तिरकं उभं राहून बघा. जी धूळ नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती ती तरंगताना दिसेल. ती एक्झॉस्टच्या तोंडाकडे जाते की कामगाराच्या नाकाकडे, हे दोन मिनिटांत कळतं. मालकाला बाजूला उभं करून हे एकदा दाखवावं. त्याचा परिणाम दहा पानी अहवालापेक्षा जास्त होतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: रोज न होणारी कामं कोणती? बॅग फिल्टरच्या, म्हणजे एक्झॉस्टमधली धूळ अडवणाऱ्या, पिशव्या झटकणं किंवा बदलणं, डक्ट साफ करणं, मिक्सर खरवडणं, भट्टीचं अस्तर काढणं. ही कामं बहुधा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद असताना होतात आणि ठेकेदाराची माणसं ती करतात. त्यांची नावं मुख्य हजेरीपटावर नसतात, त्यांचं रक्त कोणी तपासत नाही आणि हवेचा नमुनाही त्या दिवशी कोणी घेत नाही. "पिशव्या कोण झटकतं? कधी? मागच्या वेळी तो काय घालून आत गेला होता?" हे सुपरवायझरला न विचारता प्रत्यक्ष त्या माणसाला विचारा.

दुसरा टप्पा: हाताचा माग

इथे आकड्यांचा अंदाज आधी डोक्यात बसवून घ्या. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे ५० डेसिलिटर. रक्तात ४० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसं असेल, तर सगळ्या रक्तात मिळून ते २,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन मिलिग्रॅम होतं. मोहरीच्या एका बारीक दाण्याचं वजन साधारण एवढंच. पोटात गेलेलं सगळं शिसं रक्तात शोषलं जात नाही, मोठ्या माणसात साधारण दहावा हिस्साच जातो. पण प्लेट कटिंगवरच्या माणसाच्या हाताच्या रेघांत, नखांत आणि अंगठीखाली मोहरीचे किती दाणे मावतील, आणि ते दिवसातून किती वेळा तोंडाशी जातात, याचा हिशेब करून बघा.

तोंडाशी जाण्याचे आपल्याकडचे मार्ग परदेशी चेकलिस्टमध्ये सापडत नाहीत. तंबाखू-चुना तळहातावर मळणं हा त्यातला सगळ्यांत मोठा. तळहात हीच धूळ साठण्याची जागा, चुन्याचा ओलावा आणि अंगठ्याचा दाब यांनी ती तंबाखूत मिसळते आणि मग तासभर गालात राहते. मिश्री, गुटख्याची पुडी दातांनी फाडणं, बिडी, भाकरी हातानं मोडून खाणं, घाम पुसताना ओठांवरून फिरणारी बाही, नाकात घातलेलं बोट. एका शिफ्टमध्ये एका माणसाजवळ अर्धा तास शांत बसा आणि त्याचा हात तोंडाशी किती वेळा जातो ते मोजा. त्याला आधी सांगून बसा. चोरून मोजणी केलीत तर पुन्हा कोणी खरं सांगणार नाही.

मग पुसणीचे नमुने घ्या. प्रयोगशाळेकडून मिळणारे ओलसर वाइप वापरून १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन आखून पुसायचा, वाइप स्वच्छ नळीत घालून सील करायचा. नमुने कुठले? जेवणाच्या टेबलावरचा, पाण्याच्या कूलरच्या नळाचा, लॉकरच्या आतला, ऑफिसच्या दाराच्या मुठीचा, कामगार ज्या मोटरसायकलवर घरी जातो तिच्या सीटचा. आणि हातांचे दोन: जेवणाआधी हात धुण्यापूर्वी आणि धुतल्यावर. धुतल्यावरच्या नमुन्यातही शिसं निघालं तर आश्चर्य वाटू देऊ नका. साध्या साबणानं ते पूर्ण निघत नाही, विशेषतः नखांतलं. अशा वेळी नखं कापण्याची सोय, नखांचा ब्रश, जास्त वेळ धुणं आणि शिशासाठीचे खास क्लीनर हे उपाय लगेच सुरू करता येतात.

जेवणाच्या जागी मिळालेला आकडा कुठल्या मर्यादेत बसवायचा, असं विचारतात. तिथे शिसं असायलाच नको, एवढं एकच माप धरा.

तिसरा टप्पा: हवा मोजणं, पण माणसाची

भिंतीवर लावलेला पंप भिंतीची हवा मोजतो. नमुना कामगाराच्या अंगावर घ्यायचा: कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ फिल्टरची कॅसेट, नाकापासून साधारण वीतभर अंतरात. शिशासाठी सहसा सेल्युलोज एस्टरचा फिल्टर आणि मिनिटाला दोन लिटरच्या आसपास प्रवाह ठेवतात. पंप लावण्याआधी आणि काढल्यावर प्रवाह तपासलेला असला पाहिजे. रिपोर्टवर ते दोन्ही आकडे नसतील तर मागून घ्या.

गणित सोपं आहे, आणि ते स्वतः करून बघावं. मिनिटाला २ लिटर, ४०० मिनिटं, म्हणजे ८०० लिटर, म्हणजे ०.८ घनमीटर हवा. प्रयोगशाळेनं फिल्टरवर ९६ मायक्रोग्रॅम शिसं सांगितलं, तर ९६ भागिले ०.८ म्हणजे १२० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हाच तो ०.१२ मिलिग्रॅमचा आकडा.

आता शिफ्ट ४८० मिनिटांची. उरलेली ८० मिनिटं गेली कुठे? ती सगळी स्वच्छ जागेत जेवण्यात गेली असतील, तर आठ तासांची सरासरी ०.१० वर येते. पण समजा, पंप काढल्यावर शेवटची ८० मिनिटं तोच माणूस मशीन झाडत होता आणि तेव्हा हवेत ६०० मायक्रोग्रॅम होते. मग १२० गुणिले ४०० अधिक ६०० गुणिले ८०, भागिले ४८०. उत्तर २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२०. कायद्याची मर्यादा ओलांडली. माणूस तोच, दिवस तोच. झाडण्याच्या वेळी पंप काढून ठेवला, एवढाच फरक. "पंप किती वाजता लावला, किती वाजता काढला आणि त्या बाहेरच्या वेळात काय चाललं होतं?" हा प्रश्न कामगार प्रतिनिधीनं प्रत्येक रिपोर्टवर विचारावा.

शिफ्ट बारा तासांची असेल तर मर्यादा तीच धरून चालत नाही. अमेरिकेच्या १९७८ च्या शिसे मानकात आठ तासांसाठी ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि लांब शिफ्टसाठी ४०० भागिले कामाचे तास असं सूत्र. बारा तासांना ती ३३ वर येते. आपल्या कारखाने अधिनियमातला १५० हा आकडा त्या ५० च्या तिप्पट आहे, आणि कॅलिफोर्नियानं तर १ जानेवारी २०२५ पासून मर्यादा १० वर आणली. त्यामुळे "कायद्याच्या आत आहे" हे वाक्य आरोग्याच्या दृष्टीनं फारसं काही सांगत नाही. दंड होईल की नाही, एवढंच ते सांगतं. माझा आग्रह असतो की आपला कारखाना निदान ५० च्या खाली ठेवा आणि ३० च्या वर गेलं की उपाय सुरू करा.

चौथा टप्पा: रक्त

बऱ्याच ठिकाणची वार्षिक तपासणी म्हणजे हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे, डोळे, वजन आणि 'फिट'चा शिक्का. शिशासाठी त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. हिमोग्लोबिन उतरतं ते फार उशिरा. शिशासाठी रक्तातलं शिसंच मोजावं लागतं. रक्तात त्याचा अर्धा भाग साधारण महिनाभरात कमी होतो, म्हणून हा आकडा मागच्या एक-दोन महिन्यांची गोष्ट सांगतो. हाडांत मात्र ते वर्षानुवर्षं साठून राहतं.

नमुना घेताना चूक व्हायची जागा एकच, पण मोठी: बाहेरचं शिसं नळीत शिरणं. कामगारानं आंघोळ करून स्वच्छ कपडे घातलेले असावेत, कोपरापर्यंत हात साबणानं धुतलेले असावेत आणि रक्त शॉपफ्लोअरवर न घेता दवाखान्यात घ्यावं. शिरेतून घ्या. बोटाच्या टोचणीत कातडीवरची धूळ सहज मिसळते. नळी सूक्ष्म धातूंसाठी तपासलेली आहे का, हे प्रयोगशाळेला विचारा आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता याच चाचणीसाठी आहे का, तेही. शिशाच्या रक्तनमुन्याला शिफ्टच्या आधी की नंतर असं बंधन नाही. रिपोर्ट आला की आधी एकक बघा. मायक्रोग्रॅम प्रति लिटरमधला २०० आणि प्रति डेसिलिटरमधला २० हे एकच. यावरून झालेले घोळ मी पाहिले आहेत.

आकड्याचा अर्थ काय लावायचा? जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक सूचना सांगते, की प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर स्रोत शोधून संपर्क कमी करा. युरोपीय संघानं २०२४ मध्ये कामगारांसाठी १५ ची मर्यादा ठरवली, २०२८ अखेरपर्यंत ३० ची सवलत देऊन. अमेरिकेचं जुनं मानक मात्र ५०-६० ला कामावरून हलवतं. व्यवसाय-आरोग्याच्या तज्ज्ञांनी यापेक्षा कडक शिडी सुचवली आहे आणि मी तीच वापरतो. १० च्या खाली असेल तर सहा महिन्यांनी तपासणी. १० ते १९ असेल तर तीन महिन्यांनी, आणि स्रोत लगेच शोधायला घ्यायचा. २० किंवा वर गेलं तर चार आठवड्यांत पुन्हा रक्त, आणि दुसऱ्यांदाही २० च्या वर असेल तर त्या कामावरून हलवायचं. एकदाच ३० आलं तरी लगेच हलवायचं. परत त्या कामावर घ्यायचं ते महिन्याच्या अंतरानं दोनदा १५ च्या खाली आल्यावर. नव्या माणसाची तपासणी रुजू होण्याआधी आणि नंतर पहिले तीन महिने दर महिन्याला. गरोदर किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेल्या स्त्रीसाठी ५ हीच सीमा धरा, कारण शिसं वारेतून बाळापर्यंत जातं.

हलवताना पगार कापला तर ही सगळी व्यवस्था कोसळते. पुढच्या वेळी रक्त द्यायला कोणी येत नाही, किंवा भावाला पाठवतो. अमेरिकेच्या मानकात अशा कामगाराची कमाई १८ महिन्यांपर्यंत राखण्याची तरतूद आहे. आपल्याकडे युनिट कितीही लहान असो, निदान मूळ वेतन, ओव्हरटाइमची सरासरी आणि ज्येष्ठता राखण्याचं लेखी वचन तपासणीच्या आधी द्या.

पाचवा टप्पा: माणसाशी बोलणं

शिसं बरीच वर्षं गप्प राहतं. रक्तदाब थोडा वर, मूत्रपिंडाचं काम थोडं कमी, चिडचिड, थकवा. यावरून कोणालाच संशय येत नाही. पुढे पोटात मुरडा मारून दुखणं, जबर बद्धकोष्ठता, तोंडाला धातूची चव, सांधे धरणं आणि फार झालं तर मनगट लुळं पडणं. पोटदुखीला वर्षभर पित्ताच्या गोळ्या घेणारा कामगार दिसला तर त्याचा खाते-विभाग विचारा. हिरड्यावरची निळसर रेघ पुस्तकात असते, पण मिश्री लावणाऱ्याच्या हिरड्यांवर ती ओळखू येणं कठीण, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन आणि सोबत झिंक प्रोटोपॉर्फिरिन (शिशामुळे रक्तात वाढणारा पदार्थ) या तपासण्या उपयोगी.

कामाबाहेरचे स्रोतही विचारा, नाहीतर दोष चुकीच्या जागी जाईल. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. सुट्ट्या पिवळ्या हळदीत लेड क्रोमेटची भेसळ सापडलेली आहे. कोणी घरी जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा विकतो का, हेही आपुलकीनं विचारायचं, चौकशीच्या सुरात नाही.

आणि घर. कामाचे कपडे कुठे धुतले जातात? तीच बादली, त्याच पाण्यात बाळाची झबली? बाप दारात आला की पोर धावत येऊन त्याच्या शर्टाला चिकटतं, हे कुणाच्याही घरातलं दृश्य. त्या शर्टावरची धूळ तेव्हा पोराच्या मुठीत येते, आणि पोराची मूठ तोंडात जाते. मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. कामगाराचा आकडा २० च्या वर असेल आणि घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर त्याचंही रक्त तपासा. हा खर्च कारखान्यानं करावा.

सहावा टप्पा: तिन्ही आकडे शेजारी मांडा

एका मोठ्या कागदावर डावीकडे कामाची नावं लिहा (माणसांची नकोत, रक्ताचे आकडे खासगी असतात). प्रत्येकासमोर हवेतलं, हातावरचं आणि रक्तातलं शिसं. मग जुळतं का बघा.

हवा जास्त आणि रक्तही जास्त: एक्झॉस्ट आणि धूळ यांच्यापासून सुरुवात करा. हवा कमी, हात भरलेले, रक्त जास्त: चहाच्या ग्लासांचा कारखाना तो हाच. हवा कमी, हात स्वच्छ आणि तरी रक्त जास्त: त्या माणसाची न मोजलेली कामं शोधा, किंवा जुना साठा हाडांतून परत येतो आहे का, किंवा घरचा स्रोत आहे का. आणि हवा जास्त पण रक्त कमी असेल तर समाधान मानू नका. नवी माणसं असतील, किंवा ज्यांना त्रास झाला ते काम सोडून गेले असतील. गेल्या तीन वर्षांत त्या मशीनवरून किती जण निघून गेले, ते हजेरीपटावरून काढा.

त्या पहिल्या कारखान्यात आम्ही तीन गोष्टी आधी केल्या. चहा शेडच्या बाहेर, हात धुऊन, वेगळ्या जागी. कटिंगच्या टेबलाखालून हवा खेचणारा हूड, जुना वरचा पंखा बंद. कॉम्प्रेसरच्या हवेनं अंग आणि टेबल साफ करणं पूर्ण बंद, त्याजागी हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम आणि ओलं पुसणं. यंत्र फक्त एक विकत घेतलं होतं. पुढच्या तपासण्यांत आकडे उतरत गेले. जुन्या माणसांचे हळू उतरले, कारण हाडांतला साठा परत रक्तात येत राहतो.

उपाय म्हणून जे चालत नाही

गूळ आणि दूध. हे वाटलं की काम झालं, असं कितीतरी ठिकाणी मानतात. गुळानं शिसं बाहेर पडत नाही. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, हे खरं. म्हणून चांगलं जेवण आणि दूध हवंच. पण शेडमध्ये मळक्या हातानं खाल्लेला गुळाचा खडा म्हणजे शिसं पोटात घालायची आणखी एक वाट. त्याहून उपयोगी सल्ला असा, की पहिल्या शिफ्टला उपाशी येऊ नका. रिकाम्या पोटी गेलेलं शिसं जेवणाबरोबर गेलेल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. श्रावणात उपास करणाऱ्यांना त्या दिवसांपुरतं धुळीच्या कामावरून हलवता आलं तर जरूर हलवा.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा सर्जिकल मास्क बारीक धुरासाठी निरुपयोगी. मास्क आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा असावा, धुराच्या कामाला पी-३ किंवा पी-१०० फिल्टरचा हाफ-फेस, आणि चेहऱ्यावर बसतो का ते प्रत्येकाचं तपासलेलं. दाढीवर तो बसत नाही. वापरलेला मास्क खिळ्याला टांगून ठेवला तर आतून धूळ भरते. मास्क शेवटचा उपाय, पहिला नाही.

माणसं आळीपाळीनं फिरवणं यातही फसगत आहे: चौघांचा धोका बाराजणांत वाटला जातो, धूळ तेवढीच राहते. आणि रक्त 'साफ' करणारी औषधं, म्हणजे चिलेशन, तपासणीच्या आधी आकडा उतरवायला देणं हा गुन्ह्यासारखाच प्रकार आहे. ही औषधं संपर्क थांबवल्यावर, जास्त पातळीला, रुग्णालयात, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

दुसरे धातू: कुठे पद्धत बदलते

क्रोम प्लेटिंगमध्ये नाक तपासा. सहा-संयुजी क्रोमियमच्या तुषारांनी नाकाच्या पडद्याला भोक पडतं, आणि ते बहुधा दुखत नाही, म्हणून कामगार सांगत नाही. बोटांच्या पेरांवर खोल, गोल जखमा दिसतात. हा धातू फुप्फुसाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. लघवीचा नमुना आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, शिफ्ट संपताना घ्यायचा. स्टेनलेस स्टील वेल्डिंगच्या धुरातही हेच क्रोमियम असतं.

कॅडमियम म्हटलं की आपल्याकडे सराफी आठवली पाहिजे. 'केडीएम' सोनं हे नाव कॅडमियमच्या डाकावरूनच (दागिना जोडायच्या मिश्रधातूवरून) आलं. बंद खोलीत कॅडमियम असलेल्या डाकाचा धूर एका दिवसातही फुप्फुसाला घातक ठरू शकतो, आणि हळूहळू साठलेलं कॅडमियम मूत्रपिंड निकामी करतं. चांदीच्या डाकातही ते असू शकतं, त्यामुळे डाकाच्या तारेचं घटकपत्रक मागा. पारा साध्या तापमानालाच वाफ होतो, सांडलेला झाडूनं झाडू नये, लघवीत मोजतात. आर्सेनिकसाठी लघवी तपासायची असेल तर आधीचे तीन-चार दिवस मासळी बंद. कोकणातल्या कामगाराचा आकडा बांगड्यानं आणि कोळंबीनंही वर जातो.

मँगनीजची गोष्ट वेगळी. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणी, फेरो-मँगनीज आणि टाकीत बसून केलेलं वेल्डिंग इथे ते भेटतं, आणि त्यासाठी भरवशाची रक्तचाचणी नाही. माणूस बघावा लागतो: चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं, बोलणं बसकं होणं, अक्षर लहान होत जाणं. पगारपत्रकावरची पाच वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर मेंदूविकार तज्ज्ञाकडे पाठवा.

नोंद, आणि ती कोणाची

शिसं, पारा, मँगनीज, आर्सेनिक यांची विषबाधा आणि क्रोमच्या जखमा हे सगळे कळवणं बंधनकारक असलेले रोग आहेत. निदान करणाऱ्या डॉक्टरनं महाराष्ट्रात ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं असतं. राज्य कामगार विमा आणि कर्मचारी भरपाईच्या तरतुदींतही हे व्यवसायजन्य रोग म्हणून धरले आहेत, म्हणून निदानाच्या कागदावर 'पोटदुखी' न लिहिता 'शिशाची विषबाधा' लिहिलेलं असणं महत्त्वाचं. तपासणी कुठून करावी अशी अडचण असेल तर मुंबईत सायनची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था याच विषयात काम करतात.

कारखाने अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० लागू झाली आहे. धोकादायक प्रक्रियांची आणि कळवायच्या रोगांची चौकट तिच्यातही आहे. जुन्या अधिनियमाच्या कलम ४१-सी मध्ये दोन गोष्टी स्पष्ट होत्या: आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवून कामगाराला बघायला द्यायच्या, आणि तपासणी कामावर घेण्याआधी, काम चालू असताना आणि काम सोडल्यानंतरही, बारा महिन्यांच्या आत करत राहायची. ही 'सोडल्यानंतरही'ची अट मी कुठेच नीट पाळलेली पाहिली नाही, आणि शिशाच्या बाबतीत तीच सगळ्यांत जास्त लागते.

म्हणून शेवटचं काम अगदी साधं. प्रत्येक कामगाराला त्याच्या नावाची एक छोटी वही द्या. पानावर तारीख, रक्तातलं शिसं एककासह, रक्तदाब, तेव्हाचं खातं आणि डॉक्टरची सही. वही त्याच्या घरी राहील, कारखान्याच्या कपाटात नाही. दहा वर्षांनी त्याला मूत्रपिंडाचा त्रास झाला, किंवा कारखाना बंद पडला, किंवा ठेकेदार बदलला, तर डॉक्टरपुढे उघडायला त्याच्या हातात ती असेल.